इमॅजिकात सुपरहिरो आणायचा झाला, तर कुणाला?

(या भागाचं लिखित रूप. एसटीत रेंज जाते, इयरफोन घरी राहतो, किंवा शेजारी आजोबा झोपलेले असतात, अशा सगळ्यांसाठी.)

पेणच्या रामवाडीतून बोलतेय. मागे एसटीचा हॉर्न आला तर समजून घ्या. आमच्याकडे एसटीचं विभागीय कार्यालय आहे, त्यामुळे हॉर्न हेच आमचं बॅकग्राउंड म्युझिक.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेल्या भागात मी सहज म्हटलं होतं की इमॅजिका आता दहा वर्षांच्या पुढे गेलं, आणि त्यातला काही भाग जुना वाटायला लागलाय. त्यावर व्हॉइस नोट्सचा पाऊस पडला. कुणी म्हणतं तिथे स्पायडरमॅन आणा. कुणी म्हणतं क्रिश. एका ताईंनी ‘शक्तिमान’ एवढं एकच म्हटलं आणि नोट संपवली. आणि चक्क तिघांनी तात्या विंचूची मागणी केलीय. तात्या विंचू सुपरहिरो नाही हो, व्हिलन आहे! पण भावना पोचल्या.

तर आज आपण हा अंदाजांचा खेळ जरा नीट खेळूया. ‘मला कोण आवडतो’ एवढ्यावर न थांबता बघूया, की खरंच एखाद्या जुन्या पार्कात सुपरहिरो येतो तेव्हा काय काय जुळावं लागतं. माझ्या मते चार प्रश्न आहेत. तो हिरो कुणाच्या मालकीचा? जुनी मशीन त्याला चालेल का? तो आला की कोण बाहेर पडणार? आणि त्याला घडवणार कोण? शेवटचा प्रश्न आपल्या पेणकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत थांबा.

आधी थोडी उजळणी, कारण सगळे ऐकणारे रायगडचे नाहीत. इमॅजिका म्हणजे खालापूर तालुक्यात, खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावरचं थीम पार्क. तोच रस्ता पुढे बल्लाळेश्वराला जातो, म्हणजे एकाच रस्त्यावर अष्टविनायकाची गाडी पण आणि रोलर कोस्टरची गाडी पण. अ‍ॅडलॅब्जवाले मनमोहन शेट्टी यांनी ते उभारलं आणि एप्रिल २०१३ मध्ये उघडलं. पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं, २०१६ मध्ये स्नो पार्क. मग कंपनीवर कर्जाचं ओझं वाढत गेलं, आणि २०२२ मध्ये पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. हेच लोक शिर्डीचं साईतीर्थ आणि लोणावळ्याचं वेट एन जॉय चालवतात.

आता गंमत ऐका. ‘इमॅजिकात सुपरहिरो आणा’ असं आपण म्हणतो, पण सुपरहिरो तिथे पहिल्या वर्षापासून आहे. ‘मिस्टर इंडिया – द राइड’! १९८७ च्या सिनेमातला अनिल कपूर, घड्याळासारखं यंत्र मनगटावर बांधून अदृश्य होणारा. शक्ती आहे, गुपित आहे, कमजोरी आहे आणि समोर तगडा व्हिलन आहे. सुपरहिरोला अजून काय लागतं? फक्त अंगाला चिकटलेला ड्रेस नाही त्याच्याकडे.

पण माझ्या दहा वर्षांच्या भाच्याला मी हे सांगितलं, तर त्याने विचारलं, “मावशी, मोगॅम्बो म्हणजे कोण?” झालं. पार्कातला एखादा भाग म्हातारा होतो म्हणजे नेमकं काय, ते या प्रश्नात आलं. रंग उडाला तर परत लावता येतो. सीट हलायच्या थांबल्या तर दुरुस्त करता येतात. पण पोराला व्हिलनच माहीत नसेल, तर सीट कितीही हलली तरी त्याच्यासाठी ती फक्त हलणारी खुर्ची.

चला, पहिला प्रश्न. हिरो कुणाच्या मालकीचा?

आपण सगळे थेट मार्व्हलवर उडी मारतो. तर मार्व्हलचीच गोष्ट सांगते. १९९४ मध्ये मार्व्हलने युनिव्हर्सलबरोबर थीम पार्कांसाठी करार केला. त्यातून १९९९ मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोला, युनिव्हर्सलच्या पार्कात, मार्व्हलचं अख्खं बेट उभं राहिलं. हल्क, स्पायडरमॅन, सगळे. पुढे २००९ मध्ये डिस्नेने मार्व्हल कंपनीच विकत घेतली. कंपनी डिस्नेची झाली, पण करार जुना, तो तसाच राहिला. म्हणून आजही ऑरलँडोत स्पायडरमॅनची राइड युनिव्हर्सलकडे आहे, आणि तिथल्या डिस्नेच्या पार्कात ती करता येत नाही. मालक डिस्ने, हिरो शेजाऱ्याच्या अंगणात! आपल्याकडे आंब्याचं झाड एकाचं आणि फांदी दुसऱ्याच्या आवारात गेली की जे होतं, तसंच.

मग डिस्नेने काय केलं? त्या करारात न अडकलेली पात्रं शोधली. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ मोकळे होते. २०२२ मध्ये ऑरलँडोत त्यांचा कोस्टर उघडला. म्हणजे ‘तिथे गार्डियन्सच का?’ याचं उत्तर लोकप्रियतेइतकंच एका जुन्या कागदात आहे.

आपल्याकडे वेगळं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत झी स्टुडिओज आणि दिग्दर्शक अली अब्बास जफर यांनी नव्या मिस्टर इंडियाची घोषणा केली, तेव्हा मूळ सिनेमाचे दिग्दर्शक शेखर कपूर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली की मला कुणी विचारलंसुद्धा नाही. हिरो पडद्यावर सगळ्यांचा असतो, कागदावर मात्र कुणाचा तरी असतो. तात्या विंचूचंही तसंच. सिनेमा महेश कोठारेंचा, बाहुला रामदास पाध्यांच्या हातचा. तेव्हा राइड काढायची तर किती दारं ठोठवावी लागतील, ते बघा.

आणि इमॅजिकावाल्यांनी यातून एक हुशार वाट आधीच काढलेली आहे. तिथे डायनासोरची राइड आहे, पण ‘जुरासिक पार्क’ नाही. तिचं नाव राजासॉरस. राजासॉरस हा खरा डायनासोर आहे. गुजरातमध्ये, नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याला नाव मिळालं. डायनासोरच्या हाडांवर कुणाचा कॉपीराइट नसतो! अलिबाबा आणि चाळीस चोरांचीही राइड आहे. ती गोष्ट तर कित्येक पिढ्यांची. म्हणजे आपलं, मोकळं, आणि फुकट. हा मुद्दा डोक्यात ठेवा.

दुसरा प्रश्न. जुनी मशीन नव्या हिरोला चालेल का?

फॅन लोक इथेच चुकतात. आपल्याला वाटतं, जुनी राइड पाडायची आणि नवी बांधायची. पण पार्कवाले शक्यतो पाडत नाहीत, कारण खरा पैसा यंत्रात आणि पायात गेलेला असतो. कॅलिफोर्नियात डिस्नेची ‘टॉवर ऑफ टेरर’ होती, लिफ्ट कोसळते ती राइड, २००४ मध्ये उघडलेली. २ जानेवारी २०१७ ला ती बंद केली आणि २७ मे २०१७ ला तीच इमारत, तीच कोसळणारी लिफ्ट, पण गोष्ट गार्डियन्सची! पाच महिनेसुद्धा नाही लागले. जुने चाहते भयंकर चिडले होते. पॅरिसला २००२ चा एक अंधारातला रोलर कोस्टर होता, रॉक संगीतावर धावणारा. २०२२ मध्ये त्याच रुळांवर आयर्नमॅन आणि कॅप्टन मार्व्हल आले.

आता आपल्या पार्काकडे याच नजरेने बघा. ‘डीप स्पेस’ हा अंधारातला, अंतराळाचा कोस्टर आहे. रूळ तेच ठेवून गोष्ट बदलायला सगळ्यात सोपा. अलिबाबाच्या राइडमध्ये तुम्ही गाडीत बसून नेम धरता, तिथे चोरांऐवजी दुसरं कुणी येऊ शकतं. ‘मिस्टर इंडिया’त सीट हलतात आणि समोर पडदा आहे, तिथे सिनेमा बदलला की गोष्ट बदलली. आणि ‘नायट्रो’? त्याला हात लावू नका प्लीज. पायाखाली फळी नसलेला कोस्टर, पाय हवेत लोंबकळतायत. त्याला गोष्टीची गरजच नाही. तिथे माणूस स्वतःच ओरडत ओरडत आपली गोष्ट सांगतो.

अजून एक, कोकणातलीच माणसं समजतील अशी गोष्ट. पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जे कोसळतं, त्यात उघड्यावर महागडा सुपरहिरो उभा करणं म्हणजे पत्र्याच्या शेडवर सोन्याचा मुलामा. दुबईत २०१६ मध्ये आयएमजी वर्ल्ड्स नावाचं पार्क उघडलं, त्यात मार्व्हलचा मोठा विभाग आहे आणि तो सगळा छपराखाली आहे. त्यांना ऊन टाळायचं होतं, आपल्याला पाऊस टाळायचाय. उत्तर एकच, छप्पर. म्हणजे माझा अंदाज विचाराल तर सुपरहिरो आला तर तो या तीन बंदिस्त राइडपैकीच एकात येईल. नवा विभाग बांधून नाही.

तिसरा प्रश्न. तो आला की बाहेर कोण पडणार?

हा प्रश्न अंदाज बांधताना कुणी विचारत नाही. कॅलिफोर्नियाच्या त्याच पार्कात ‘अ बग्ज लाइफ’ या सिनेमावरचा एक कोपरा होता. मोठाली गवताची पाती, त्यांच्यामध्ये आपण किड्याएवढे, आणि अगदी लहान मुलांच्या छोट्या राइड. २०१८ मध्ये तो बंद झाला आणि २०२१ च्या जूनमध्ये तिथे अ‍ॅव्हेंजर्सचा विभाग उघडला. आता अ‍ॅव्हेंजर्स कुणाला नकोत? मलाही हवेत. पण तीन वर्षांच्या पोराला घेऊन बसायची जागा गेली ती गेलीच.

आपल्या घरच्या ट्रिपमध्ये कोण कोण असतं ते आठवा. एक आजी असते, जिचे गुडघे दुखतात. एक तान्हं असतं. एक मामा असतो, जो ‘मला चक्कर येते’ म्हणून सगळ्यांच्या बॅगा सांभाळतो. या तिघांना एकत्र बसता येईल अशा राइड कुठल्याही पार्कात मोजक्याच असतात. मिस्टर इंडियाबद्दल माझी आजी मला गोष्ट सांगू शकते, तिला मोगॅम्बो पाठ आहे. तिथे क्षणभर ती तज्ज्ञ असते आणि मी विद्यार्थी. उद्या तिथे कुणी परदेशी हिरो आला, तर भाच्याला सगळं कळेल आणि आजी बॅगा सांभाळणाऱ्या मामाशेजारी जाऊन बसेल. राइड नवी होईल, पण घरातलं एक माणूस कमी करून.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नुसती जुन्याची गाणी गातेय. काहीच बदललं नाही तरी पार्क संपतं. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं होतं. मुंबई-ठाणे-रायगडच्या किती शाळांच्या सहली तिथे गेल्या असतील! काही वर्षांपूर्वी ते बंद झालं. त्याची कारणं अनेक असतील, पण आपल्या पिढीला तिथे परत जायची ओढ उरली नव्हती हेही खरं. आठवणीवर मन चालतं, पार्कात मात्र दर शनिवारी नवी माणसं लागतात. तेव्हा ‘जुनं ते सोनं, हात लावू नका’ हे माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच की हात लावताना आजी आणि भाचा दोघं एका रांगेत राहतील असं बघा.

आणि आता चौथा. त्याला घडवणार कोण?

मंडळी, पेणमध्ये राहून मला हे सगळ्यात जवळून दिसतं. आपल्याकडे गणपतीचे कारखाने आहेत. पेण शहरात आहेत, हमरापूरला आहेत, जोह्याला आहेत. थीम पार्कवाले ज्याला ‘लोकांना काय हवंय ते ओळखून पात्र घडवणं’ म्हणतात, ते आमच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. ‘जय मल्हार’ मालिका गाजली, तर पुढच्या गणपतीला खंडोबाच्या रूपातले गणपती तयार. ‘बाहुबली’ आला, तर बाहुबलीच्या रूपातला बाप्पा तयार. कोणत्या मोठ्या स्टुडिओची टीम इतक्या वेगाने काम करते, सांगा मला! मातीकाम, साचा, ओतकाम, पॉलिश, रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. ती आखणी करणारा हात वेगळाच असतो. तोपर्यंत समोर मूर्ती असते, डोळे आखले की कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटतं. राइडमधल्या पुतळ्याला नेमकं हेच तर लागतं.

आणि हलते देखावे? आपल्या मंडळांचे? मोटर, सायकलची चेन, पट्टा, लाकडी खटका, मागे रेकॉर्ड केलेला आवाज. राक्षसाचा हात वर जातो, देवीचं त्रिशूळ खाली येतं. आपण दहा मिनिटं रांगेत उभं राहून चार मिनिटांचा शो बघतो. अहो, हेच तर थीम पार्क आहे! फक्त तिकीट नाही आणि शेवटी प्रसाद मिळतो.

दुसरीकडे, याच कारागिरांच्या डोक्यावर गेली काही वर्षं टांगती तलवार आहे. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पीओपीच्या मूर्तींवर बंदी घालणारी नियमावली आली. मग कोर्ट, मग मुदती, मग पुन्हा कोर्ट. नदी-तलावांचा प्रश्न खरा आहे, तो कुणी नाकारत नाही. पण हाताला काम हवं हेही तितकंच खरं. आणि राइडमधला पुतळा पाण्यात विसर्जन करायचा नसतो. तो वर्षानुवर्षं छपराखाली उभा राहतो. म्हणजे जे कौशल्य आहे, त्याला एक नवी जागा इथे, खोपोलीच्या रस्त्यावर, मिळू शकते. सुपरहिरो परदेशातून पेटीत भरून आणायचा, की पेणमध्ये घडवून टेम्पोतून न्यायचा? खरा प्रश्न हा आहे.

तर चारही प्रश्न एकत्र ठेवून माझं उत्तर. ऐका आणि मग शिव्या द्या.

मिस्टर इंडियाला काढू नका. त्यालाच नवा करा. कसं? त्याची कमजोरी आठवा. तो अदृश्य असतो, पण लाल उजेडात किंवा लाल काचेतून दिसतो. सिनेमातली सगळ्यात भारी कल्पना आहे ही, आणि तिला करोडो रुपये लागत नाहीत. राइडच्या रांगेत प्रत्येकाच्या हातात लाल जिलेटिनचा एक तुकडा द्या. मंडळाच्या हॅलोजनला लावतो ना, तोच कागद. भिंतींवर अशी चित्रं रंगवा की नुसत्या डोळ्यांना फक्त लाल रेघोट्यांचा गोंधळ दिसेल. त्याच्याखाली फिकट निळ्या-हिरव्या रंगात खरं चित्र. लाल कागदातून बघितलं की लाल रेघा पांढऱ्या भिंतीत विरून जातात आणि निळं-हिरवं चित्र काळं होऊन पुढे येतं. घरी करून बघा, एक लाल आणि एक आकाशी स्केचपेन पुरे.

विचार करा. रांगेत उभी असलेली पोरं कंटाळून मोबाइल काढण्याऐवजी भिंतीवर मिस्टर इंडिया शोधतायत. आजी म्हणतेय, “तो बघ, खुर्चीमागे!” मोगॅम्बोची ओळख रांगेतच होऊन जाते, राइड सुरू व्हायच्या आधी. आत काही पुतळे खरे, हलणारे, पेणच्या हातचे. आणि पडद्यावरचा भाग नव्याने केलेला. जुनी इमारत, जुन्या सीट, जुना हिरो, नवी रांग.

आणि त्या हिरोची गोष्ट आज जुनी झालीय का? तो एक भाडेकरू आहे. अनाथ मुलांना सांभाळतो, घरभाडं थकलंय, रेशन भरायला पैसे नाहीत. त्याची लढाई धान्यात खडे मिसळणाऱ्यांशी आहे. ग्रह वाचवणारे हिरो पुष्कळ आहेत, पण महिन्याच्या अखेरीला किराणा दुकानात उधारी मागणारा हिरो किती आहेत? माझ्या भाच्याला मोगॅम्बो माहीत नाही, पण उधारीची वही माहीत आहे.

दुसरा टप्पा, जरा लांबचा. राजासॉरससारखं करा. कुणाचं लायसन्स लागणार नाही असा इथलाच एक नवा नायक तयार करा, आगरी-कोळी-कातकरी मुलांमधून, खाडी आणि सह्याद्री ओळखणारा. त्याचं नाव मी आज ठेवत नाही. ते तुम्ही ठेवा. एका मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. नाव, शक्ती आणि कमजोरी, तिन्ही पाहिजेत. कमजोरी नसलेला हिरो चालणार नाही, त्याच्यावर राइड बनत नाही.

तात्या विंचूवाल्यांनो, तुमची मागणी मी विसरलेले नाही. पार्कात ‘सलीमगढ’ नावाचा भूतबंगला आहेच. तात्याचा विषय आपण वेगळ्या भागात घेऊ, रात्री, दिवे बंद करून.

आजच्यापुरतं इतकंच. भाग आवडला तर ज्या मित्राला नायट्रोत बसायला भीती वाटते त्याला पाठवा, आणि घरात ज्यांनी मिस्टर इंडिया थिएटरात बघितलाय त्यांना विचारा, तेव्हा टाळ्या नेमक्या कुठे पडल्या होत्या. उत्तर मलाही कळवा. भेटू पुढच्या शुक्रवारी. काळजी घ्या, आणि एसटीत खिडकीची सीट मिळाली तर सोडू नका!